पत्त्याच्या पट्टीपर्यंतचे दोन सेकंद

टायपिंग रंगात आलेलं असताना दुसरी साइट उघडायची आहे. उजवा हात कीबोर्डवरून उठतो, माउस पकडतो, बाण वरच्या पत्त्याच्या पट्टीवर नेऊन क्लिक करतो आणि पुन्हा कीबोर्डवर येतो. या येरझारेला लागणारा वेळ १९८० सालीच मोजून झाला आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातले स्टुअर्ट कार्ड व थॉमस मोरान आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातले ॲलन न्यूएल यांनी संगणकावरच्या कामाचे बारीक तुकडे पाडले. सराईत टायपिस्टला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद, हात माउसवर न्यायला ०.४, बाण नेमक्या जागी न्यायला सरासरी १.१. जाणं, नेम धरणं, क्लिक आणि परत येणं मिळून दोन सेकंद सहज होतात. कंट्रोल धरून एल दाबलं तर तेच काम अर्ध्या सेकंदात. शिवाय आधीचा पत्ता आपोआप निवडला जातो, खोडत बसावं लागत नाही.

पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि शॉर्टकटचे भक्त तो सोयीस्करपणे विसरतात. पुढे काय करायचं याची मनात जुळवाजुळव करायला १.३५ सेकंद! 'कोणती कळ बरं?' असं आठवावं लागलं की कमावलेलं तिथेच गेलं. म्हणूनच पन्नास शॉर्टकटचा तक्ता छापून भिंतीवर लावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. चार-पाचांवर हात बसला तरी पुरे. नवा टॅब कंट्रोल-टी. शेकडो नावांच्या निकालयादीत आपला बैठक क्रमांक शोधायला कंट्रोल-एफ. आणि माझ्या मते सगळ्यांत गुणी, कंट्रोल-शिफ्ट-टी: चुकून बंद केलेला टॅब परत आणते, पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा. (मॅकवर यांत कंट्रोलच्या जागी कमांड.)

वाचत असताना मात्र हात माउसवरच असतो. तेव्हा तो उचलून कीबोर्डकडे नेणं हाच तोटा. टॅबच्या कोपऱ्यातली ती इवलीशी फुली आठवा. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये, माउस जन्मायच्या आधीच, दाखवून दिलं होतं की लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका हात तिथे पोचायला वेळ जास्त. आता बाण टॅबवर कुठेही ठेवून माउसचं चाक दाबा. फिरवायचं नाही, दाबायचं. टॅब बंद. फुलीएवढं लक्ष्य अख्ख्या टॅबएवढं झालं. तेच चाक एखाद्या लिंकवर दाबलं तर ती मागच्या मागे नव्या टॅबमध्ये उघडते, वाचनात खंड पडत नाही. लॅपटॉपच्या टचपॅडवर चाक नसतं. तिथे कंट्रोल धरून लिंकवर क्लिक करावं.

सोपा शॉर्टकट नेहमी चांगलाच असतो असंही नाही. मागच्या पानावर जायला पूर्वी क्रोममध्ये नुसतं बॅकस्पेस पुरायचं. लांबलचक ऑनलाइन अर्ज भरताना कर्सर रकान्याबाहेर आहे हे लक्षात न येता अक्षर खोडायला जावं, तर पानच मागे सरकायचं आणि भरलेला अर्ज बघता बघता गायब. तक्रारी इतक्या झाल्या, की २०१६ मध्ये गूगलने ही सोय काढून टाकली. विंडोजवर आता त्यासाठी ऑल्ट आणि डावा बाण अशा दोन कळा लागतात.