यादीबाहेरचं वर्धा

वर्ध्याच्या आजूबाजूला तीन मोठी शहरं आहेत. नागपूर पाऊणशे किलोमीटरवर, अमरावती शंभरेक, चंद्रपूर सव्वाशेच्या आसपास. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेने मर्यादा ओलांडलेल्या १०२ शहरांच्या त्या पहिल्या यादीत महाराष्ट्रातली १७ नावं होती आणि ही तिन्ही शहरं त्यांत होती. वर्धा नव्हतं. पुढे यादी वाढली, ठाणे आणि वसई-विरार आत आली, तरी वर्धा बाहेरच राहिलं.

त्यावरून वर्ध्याची हवा चांगली, असा अर्थ काढण्याचा मोह होतो. पण यादीत आली ती शहरं अशी, जिथे वर्षानुवर्षं हवा मोजली जात होती आणि सलग पाच वर्षं आकडे मर्यादेच्या वर गेले होते. जो पेपर लिहिलाच गेला नाही त्यात कुणी नापास होत नाही. तो पासही होत नाही.

मोजतात तरी काय? देशाच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ घटक धरलेले आहेत. पहिले दोन धुळीचे. दहा मायक्रॉनपर्यंतचे कण म्हणजे पीएम १०. ही रस्त्याची, बांधकामाची, गिट्टीच्या क्रशरची धूळ. अडीच मायक्रॉनपर्यंतचे, केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाएवढे, ते पीएम २.५. हे मुख्यतः जळण्यातून येतात: डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा. नाकातले केस यांना अडवू शकत नाहीत, ते फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि त्यांतले सर्वांत बारीक रक्तातही उतरतात. बाकीच्यांत नायट्रोजन डायऑक्साइड वाहनांच्या धुरातून येतो आणि सल्फर डायऑक्साइड प्रामुख्याने कोळशातून. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, युरियातून आणि शेणामुतातून अमोनिया. शिसं देशभर पेट्रोलमधून गेल्यापासून, म्हणजे २००० नंतर, पुष्कळ कमी झालं. उरला ओझोन. तो कुठल्याच धुराड्यातून निघत नाही. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या वायूंवर कडक ऊन पडलं की हवेतच तयार होतो. विदर्भात ऊन किती, हे वेगळं सांगायला नको.

या आठांची सरासरी काढून निर्देशांक बनतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही. प्रत्येक घटकाचा आकडा स्वतंत्र काढतात आणि त्यांतला सर्वांत वाईट तोच शहराचा निर्देशांक ठरतो. त्यामुळे दोन शहरांचा निर्देशांक १५० असला तरी एकात तो उखडलेल्या रस्त्याच्या धुळीने आलेला असू शकतो आणि दुसऱ्यात कोळशाच्या धुराने. आकडा सारखा, छातीवरचा भार वेगळा.

तुलना फसण्याची आणखी एक जागा मोबाइलमध्ये आहे. पीएम २.५ एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय पट्टीवर निर्देशांक १०० येतो, म्हणजे ‘समाधानकारक’. तीच हवा अमेरिकी पट्टीने मोजणारं अ‍ॅप दीडशेच्या वर दाखवतं. एकाने सरकारी संकेतस्थळ बघायचं, दुसऱ्याने परदेशी अ‍ॅप, आणि मग नागपूर बरं की मुंबई यावर वाद घालायचा, याला अर्थ उरत नाही. मर्यादांचंही तसंच. पीएम २.५ ची भारतातली वार्षिक मर्यादा ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असं सांगितलं.

चंद्रपूरची गोष्ट निराळी, तिथे पट्टी कुठलीही घेतली तरी उत्तर बदलत नाही. २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आणि भोवती कोळशाच्या खाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर चौथं नाव चंद्रपूरचं होतं, ८३.८८ गुणांनी. त्या मोजमापात पाणी आणि जमीनही धरलेली होती. तरी कोळशाच्या सल्फरपासून हवेत बारीक कण बनतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात, हे लक्षात घेतलं तर सव्वाशे किलोमीटर हे काही अंतर नव्हे.

वर्धा जिल्ह्याची स्वतःची धूळही आहे, आणि ती कापसाची आहे. हिंगणघाटचा कापूस इंग्रजी अमदानीत नावाजलेला होता. जिनिंग आणि सूतगिरण्या ही आजही त्या भागाची ओळख. रुईबरोबर उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर कामगाराला बिसिनोसिस हा श्वासाचा आजार होतो. त्याची खूण विलक्षण आहे: साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. शहराच्या निर्देशांकात याचा पत्ता लागत नाही. तिथे फक्त कणांचं वजन मोजतात. कण कापसाचा की मातीचा, हा प्रश्न त्यात नाही.

घरातला धूर तर कुठल्याच शहराच्या आकड्यात येत नाही. बंद स्वयंपाकघरात चूल पेटली की पीएम २.५ शेकड्यांत जातं, आणि ते ओढतात स्वयंपाक करणारी बाई आणि तिच्याजवळ बसलेलं मूल. हा प्रश्न वर्ध्याला फार आधी दिसला होता, याचं श्रेय या गावाला मिळायला हवं. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यातल्या मगनवाडीत आला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. तिथे रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तयार झाला, आणि धूर नळकांड्याने घराबाहेर काढणारी मगन चूलही याच परंपरेतली. पीएम २.५ हा शब्द जन्मायला तेव्हा कित्येक वर्षं होती. डोळे चुरचुरतात, खोकला जात नाही, एवढं मोजमाप मगनवाडीतल्या मंडळींना पुरेसं होतं.

आज गॅस आला आहे, पण सिलिंडर संपला की अनेक घरांत चूल पुन्हा पेटते, आणि तिच्यात जळते ती पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. वेचणी संपली की ती उपटून धुऱ्यावर ढीग लावतात. चुलीपुरती घरी येते, उरलेली जागच्या जागी पेटवतात. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने तर रान लवकर मोकळं करण्याची घाई असते. हिवाळ्याच्या संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार पडून वरच्या उबदार थराखाली अडकते, म्हणून तो धूर वर न जाता गावावरच पसरून राहतो.

या पऱ्हाटीचा भुसा करून त्याचे ब्रिकेट आणि गोळ्या बनवता येतात, बोर्डही बनतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने हे करून दाखवलं आहे आणि तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे. अडचण वाहतुकीची आहे: पऱ्हाटी हलकी, पसरट, ट्रॉली दिसायला भरते पण वजन भरत नाही. शेताच्या बांधावरच तिचे तुकडे करणारं यंत्र भाड्याने मिळालं, तर शेतकऱ्याला काडी ओढण्याऐवजी पोती विकता येतील.