नळी कापण्याआधी

कॅलिस्पेल, मोंटाना :

आमच्या शेजारणीला तिच्या दिवंगत नवऱ्याच्या रिव्हॉल्वरची नळी अडीच इंच कापून घ्यायची आहे. बर्फ वितळू लागला तेव्हा हा विषय निघाला. आता ऑगस्ट आला, डोंगरात हकलबेरी पिकल्या, तरी निर्णय होत नाही. पुण्याला फोनवर हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो : परवानगी कुणाची काढायची? कुणाचीच नाही, असं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. "तुमच्याकडे काय, काहीही चालतं!" म्हणून विषय संपतो. परवानगी लागत नसताना ही बाई इतके महिने कसला विचार करते आहे, हे कुणाला विचारावंसं वाटत नाही. म्हणून हे पत्र.

मोंटानाच्या या वायव्य कोपऱ्यात ग्लेशियर नॅशनल पार्क आहे आणि अलास्का वगळता अमेरिकेतली सर्वांत जास्त ग्रिझली अस्वलं याच डोंगरांत राहतात. १९७५पासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. हकलबेरी आपल्या करवंदांसारखी रानातच येते, तिची शेती कुणाला नीट जमलेली नाही. अस्वलांनाही ती तेवढीच आवडते. त्यामुळे बादली घेतलेली माणसं आणि अस्वलं एकाच उतारावर येतात. वनखातं सांगतं, तिखटाचा फवारा कमरेला ठेवा. शेजारीण तो ठेवतेच. वर नवऱ्याची रिव्हॉल्वरही छातीवरच्या चामडी खोळीत बांधते. सत्तरी ओलांडलेली बाई. वाकून बेरी खुडायला लागली की साडेसहा इंचांची नळी बरगडीत रुतते. बाहेर काढायची तर कोपर पार मागे न्यावं लागतं. म्हणून चार इंच हवी.

वस्तू साधी नाही. स्मिथ अँड वेसनची मॉडेल २९, .४४ मॅग्नम, रिकामी असतानाच सव्वा किलोच्या वर. हिची मोठी फ्रेम, जिला इथे एन-फ्रेम म्हणतात, १९०८पासून चालत आलेली. .४४ची ताकद वाढवा म्हणून शेजारच्या आयडाहोतला एल्मर कीथ हा गुरं राखणारा लेखक वर्षानुवर्षं कारखान्यांच्या मागे लागला होता. १९५५च्या अखेरीस त्याचं म्हणणं मान्य झालं आणि ही .४४ मॅग्नम निघाली. पुढे १९७१ला क्लिंट ईस्टवूडच्या 'डर्टी हॅरी'ने ती जगभर पोचवली आणि आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यांतली अमेरिकन बंदूकही तीच झाली. या घरात मात्र ती हरणाच्या शिकारीची, तेल लावून कपाटात कुलूपबंद ठेवलेली, नवऱ्याच्या हाताने मुठीवर गुळगुळीत झालेली वस्तू आहे.

शेजारणीबरोबर मी बंदुकांच्या कारागिराकडे गेले. घरामागच्या शेडमध्ये लेथ, शेगडा, कानशी, भिंतीवर नळ्यांची रांग. मला वाटलं होतं, तो मोजपट्टी काढेल आणि भाव सांगेल. त्याने खुर्ची दिली आणि तासभर कापू नये याचीच कारणं सांगितली.

गोळी नळीतून सुटेपर्यंत बारूद तिला ढकलत असतं. दर इंचामागे सेकंदाला साधारण २५ ते ५० फुटांचा वेग जातो. मूळ वेग १४०० फुटांच्या आसपास, तेव्हा अडीच इंचांनी अस्वलाला फारसा फरक पडणार नाही. फरक पडेल तो तिला. जे बारूद नळीत जळायचं ते बाहेर जळेल, आवाज आणि ज्वाळा वाढेल, आणि पुढचं वजन कमी झाल्यावर हिसका थेट मनगटावर येईल. नेम धरायची पुढची साइट नळीच्या टोकावर असते. टोकाबरोबर तीही जाणार. नवी पक्की बसवायची, तिची उंची गोळ्या झाडून झाडून ठरवायची. दोन साइटमधलं अंतर घटलं की हाताच्या तेवढ्याच थरथरीने नेम जास्त चुकतो. नळीचं तोंड हा तर सगळ्यांत नाजूक भाग. गोळीचा शेवटचा स्पर्श त्या कडेला होतो. ती कड केसभर तिरकी राहिली तर वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी भरकटते. चार इंचांहून बरंच खाली जाण्याचा तर विषयच नको. सिलिंडरमधून रिकाम्या पुंगळ्या ढकलणारा दांडा पुढे नळीखालीच अडकतो. तिथवर कापलं तर तो आधार जातो, दांडाही आखूड करावा लागतो आणि पुंगळ्या अर्ध्यातच अडकतात.

मग त्याने स्वतःची चार इंची .४४ तिला दिली आणि आधी ही झाडून ये म्हणाला. रेंजवर तिने एकदाच सिलिंडर रिकामं केलं आणि मनगट चोळत परत आली. "लांब नळीला हा इतकं का जपायचा ते आज कळलं," एवढंच नवऱ्याबद्दल बोलली.

त्यानंतर तिच्या जेवणाच्या टेबलावर रोज नवा माणूस आणि नवं मत. एक म्हातारा शिकारी सांगतो, १९३५ला .३५७ मॅग्नम निघाली तेव्हा गिऱ्हाईक साडेतीन ते पावणेनऊ इंचांपर्यंत पाव-पाव इंचाच्या फरकाने नळी मागवू शकत असे. जनरल पॅटनने साडेतीन इंची घेतली होती. तेव्हा हा निर्णय ऑर्डर देतानाच व्हायचा, करवत हातात घेऊन नाही. दुसरा सांगतो, कोल्ट कंपनीचा फिट्झगेराल्ड मोठ्या रिव्हॉल्वरच्या नळ्या दोन इंचांवर आणायचा आणि त्याच्या हातच्या बंदुकांना आज संग्राहक वाट्टेल तो भाव देतात. इतर कुणी कापलेल्या मात्र निम्म्या किमतीलाही कुणी घेत नाही. ओहायोतल्या नातवाचा फोन येतो : आजी, ही पुढे मला देणार ना? आमच्याकडे हरणाच्या शिकारीला हँडगनची नळी किमान पाच इंच लागते. सीमेपलीकडे अल्बर्टात राहणारा भाऊ म्हणतो, आमच्या कॅनडात १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळी निषिद्ध वर्गात जाते. तुझी चार इंची १०१.६ भरेल. आणि २०२२पासून तर इथे हँडगनची खरेदी-विक्रीच गोठवली आहे.

ही मोकळीक सरसकट आहे असंही समजू नका. याच कारागिराने याच लेथवर बाराबोअरची नळी १८ इंचांखाली किंवा रायफलची १६ इंचांखाली परवानगीशिवाय आणली तर तो केंद्रीय गुन्हा होतो. हा कायदा १९३४चा. मूळ मसुद्यात रिव्हॉल्वरही होत्या, त्या वगळल्या गेल्या. शेजारच्या आयडाहोत रूबी रिज आहे. कापलेल्या दोन शॉटगन विकल्याच्या आरोपावरून सुरू झालेलं प्रकरण १९९२च्या ऑगस्टमध्ये वेढ्यापर्यंत गेलं. आरोपी रँडी वीव्हरची बायको, त्याचा चौदा वर्षांचा मुलगा आणि एक सरकारी मार्शल मारले गेले. पुढे बंदुकांच्या आरोपातून ज्यूरीने वीव्हरला मुक्त केलं. इथल्या लोकांच्या तोंडी ते नाव अजून आहे. नळीच्या इंचांवरून माणसं मेलेली त्यांनी पाहिली आहेत.

हे सगळं ऐकताना मला सावंतवाडीकडचा मामा आठवत राहतो. त्याच्याकडे आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरं एका रात्रीत भाताची खाचरं लोळवून जातात, वानर नारळ पाडतात, आणि आता हत्ती आणि गवेही आले. मामाच्या बंदुकीबद्दल आयुष्यात जितकी माणसं बोलली ती सगळी कागदाबद्दल बोलली. नूतनीकरणाची तारीख, चलन, पोलीस पाटलाचा दाखला, साहेब जागेवर आहेत का. २०२४च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, म्हणजे भात कापणीला आलेलं. बंदूक ठाण्यात जमा करा, असा निरोप आला. सवलतीसाठी छाननी समिती असते, पण तिच्यापर्यंत पोचेपर्यंत डुकरं थांबत नाहीत. मामा रात्रभर पत्र्याचा डबा बडवत बसला. बंदूक परत मिळाली तेव्हा नळीला आतून गंज धरला होता आणि ते कुणाच्याही नोंदीत नव्हतं, कारण नोंद क्रमांकाची होते, नळीची होत नाही.

आपला कायदा कमी नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याचं सहावं कलम सांगतं, परवान्याशिवाय कुणीही बंदुकीची नळी आखूड करायची नाही. चांगलं आहे, असायलाच हवं. पण त्यामुळे आपल्याला वाटतं, परवाना दिला-नाकारला की समाजाचं काम झालं. ही बंदूक या माणसाच्या हाताला झेपते का, तिची नळी निर्धोक आहे का, दारू किती भरायची हे त्याला कुणी दाखवलं का, हे मामाला कधी कुणी विचारलं नाही. ठासणीच्या बंदुकीत जास्त दारू पडली तर नळी फुटते आणि बोटं जातात, हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. दुरुस्तीला परवानाधारक दुकान गाठायचं तर कोल्हापूर. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर पुन्हा तोच कागद दाखवायचा. त्यापेक्षा नको दुरुस्ती, असंच माणूस म्हणणार.

आणि म्हणून मला अमेरिकेचा राग येत नाही असं नाही, फार येतो. या देशात २०२१ साली बंदुकीने ४८,००० हून जास्त माणसं गेली. त्यातले निम्म्याहून अधिक स्वतःच्या हाताने गेले. मोंटानाचा आत्महत्येचा दर देशातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी आहे, आणि इथे ओळखीच्या माणसाकडून बंदूक विकत घेताना कुणालाही कसलीच चौकशी करावी लागत नाही. ज्या कारागिराने अडीच इंचांसाठी तासभर घेतला, त्याच्याकडे चौकशीशिवायच्या विक्रीचा विषय काढला तर तो दुसरीकडे बघतो. लोखंडाची इतकी काळजी घेणारी ही माणसं ते कुणाच्या हाती जातं याबद्दल गप्प बसतात. रात्री मी हे शेजारणीला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, तिच्या भाच्याने स्वतःचा जीव असाच घेतला, कुणाच्या तरी गॅरेजमधून घेतलेल्या बंदुकीने. कपाटाला कुलूप त्यानंतर आलं.

तिचा कल आता असा आहे : नळी कापायची नाही. जुनी नळी जिथे घट्ट पिनेने बसवलेली आहे तिथून काढून, कारखान्याची चार इंची नळी बसवून घ्यायची. सिलिंडर आणि नळी यांमधली फट इंचाच्या काही हजाराव्या भागात जुळवावी लागते, म्हणून खर्च जास्त. पण मूळ नळी तेलकापडात गुंडाळून ठेवता येईल आणि नातवाला ती परत चढवून हरणामागे जाता येईल. आणि रानात पहिला हात फवाऱ्यावरच जाईल, हे तिने कारागिराला वचन देऊन टाकलं आहे.

२०१६च्या आपल्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाची अट आहे. ती वाडीपर्यंत न्या. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे ही सगळी कोल्हापूरची माणसं जगाच्या रेंजवर पदकं जिंकून आली. ज्या जिल्ह्याकडे ती विद्या आहे, त्याच्या घाटाखाली मामाला नळी साफ करायलाही कुणी शिकवत नाही, हे मला पटत नाही. परवान्याच्या नूतनीकरणाला बंदूकही तपासायला बोलवा, तपासणारा कारागीर तालुक्याला बसवा, आणि आचारसंहितेत बंदूक जमा करून घ्यायचीच असेल तर ती तेल लावून ठेवायची जबाबदारीही घ्या. मामाला अमेरिकेची मोकळीक नको आहे. त्याला त्याच्या बंदुकीबद्दल बोलणारा एक जाणता माणूस हवा आहे, आणि तो त्याला देणं आपल्याला सहज जमण्यासारखं आहे.