कशाशेजारी काय

हॅलोविनच्या रात्री दुकान बंद झालं की आमचं काम सुरू होतं. छताला टांगलेले प्लास्टिकचे सांगाडे उतरवायचे आणि त्याच आकड्यांना नाताळच्या पाट्या अडकवायच्या. न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका मोठ्या साखळी दुकानात मी सणासुदीच्या विभागात काम करते. पाट्यांची चपटी खोकी मागच्या गोदामात कधीचीच येऊन पडलेली असतात. प्रत्येक पाटीच्या पाठीवर बारीक अक्षरांत तिची कुंडली छापलेली असते: कुठली रांग, कुठली फळी, लावायची तारीख, उतरवायची तारीख. सोबत येतो प्लॅनोग्राम, म्हणजे कोणता माल कुठे, किती उंचीवर आणि कशाशेजारी मांडायचा याचा नकाशा.

छताजवळच्या मोठ्या पाट्यांना शिडी आणि दोन माणसं लागतात. फळीच्या कडेच्या पट्ट्या नुसत्या खाचेत सरकवायच्या असतात. सगळ्यात चिवट काम काचेवरच्या अक्षरांचं. काचेवर साबणाचं पाणी मारायचं, फिल्म टेकवायची आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे बुडबुडे हाकलायचे. आतून चिकटवत असल्यामुळे आपल्याला अक्षरं उलटी दिसतात. ओळ तिरकी गेली की नाही ते थंडीत बाहेर जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

या पाट्यांवर काय लिहायचं ते मुख्य कचेरीत कित्येक महिने आधी ठरलेलं असतं. आम्हाला त्यातला स्वल्पविरामही हलवता येत नाही. पण सकाळी दार उघडलं की मजकुराचा जाब विचारला जातो तो पाटीखाली जो उभा असेल त्याला. ‘हॅपी हॉलिडेज’ वाचून एक गृहस्थ विचारतात, ख्रिसमस म्हणायची लाज वाटते का तुम्हाला? ‘मेरी ख्रिसमस’ वाचून एक बाई म्हणतात, या गावात बाकीचे कोणी राहतच नाहीत वाटतं. कोणी काही न बोलता पाटीचा फोटो काढतं. मॅनेजरला त्याचीच जास्त धास्ती. आम्हाला शिकवलेलं उत्तर एकच: तुमचं म्हणणं वरपर्यंत पोहोचवते. वाद घालायचा नाही, स्वतःचं मत सांगायचं नाही.

मत सांगितलं तर काय होतं याचं उदाहरण २००५ सालचं आहे. वॉलमार्टच्या ‘हॅपी हॉलिडेज’वर एका ग्राहक बाईंनी तक्रार केली. ग्राहकसेवेतल्या कोणीतरी उत्तरादाखल ख्रिसमसच्या प्रथा कुठून कुठून आल्या याचा इतिहासच लिहून धाडला. कॅथलिक लीग या संघटनेने बहिष्काराची हाक दिली, कंपनीने माफी मागितली आणि जाहीर केलं की उत्तर लिहिणारी व्यक्ती हंगामी होती, तीन आठवड्यांपूर्वीच लागली होती आणि आता कामावर नाही. पुढच्याच वर्षी वॉलमार्टच्या दुकानांत ‘मेरी ख्रिसमस’ परतलं. धोरण वरचं, नोकरी खालच्याची गेली.

२०१५ साली स्टारबक्सने हिवाळ्यातले लाल कप अगदी साधे काढले, त्यावर हरणं नाहीत की हिमाची नक्षी नाही. त्यावरून एका माजी पाद्र्याने व्हिडिओ केला: मी काउंटरवर माझं नाव ‘मेरी ख्रिसमस’ सांगितलं, आता त्यांना कपावर ते लिहावंच लागलं! डोनाल्ड ट्रम्प यांनी प्रचारसभेत बहिष्काराचं सूतोवाच केलं. तो कप हातात घेऊन मार्करने ते नाव लिहिणाऱ्या पोराला काय वाटलं, याची विचारपूस मात्र कोणी केली नाही.

गंमत अशी, की याच देशात ख्रिसमस पाळणं हाच एके काळी गुन्हा होता. मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन मंडळींनी १६५९ साली कायदा केला: त्या दिवशी काम बंद ठेवून सण करणाऱ्याला पाच शिलिंग दंड. तो १६८१ मध्ये रद्द झाला.

आज सरकारला कोणत्याही धर्माची बाजू घेता येत नाही: सरकारी सजावटीला राज्यघटनेची पहिली दुरुस्ती लागू होते, खासगी दुकानाच्या पाटीला नाही. पॉटकेट गावच्या बाजारपेठेतल्या बागेत नगरपालिका येशूजन्माचा देखावा मांडायची. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो चालवून घेतला, कारण सोबत सांता होता, त्याची हरणं होती, झाड होतं. १९८९ साली पिट्सबर्गच्या न्यायालयाच्या मुख्य जिन्यावर एकटाच ठेवलेला तसाच देखावा मात्र घटनाबाह्य ठरला, आणि दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ख्रिसमसच्या झाडाशेजारी उभी केलेली ज्यूंची मेनोरा, म्हणजे हनुकाची दीपमाळ, राहू दिली गेली. हे निकाल वाचले तेव्हा मला आमचा प्लॅनोग्रामच आठवला. न्यायमूर्तींनीही शेवटी कशाशेजारी काय ठेवलंय हेच पाहिलं होतं.

दुकानातला खरा अनादर मला या शेजारातच दिसतो. न्यूयॉर्कमधल्या बाल्डुचीज या उंची किराणा दुकानाने २००७ साली डुकराच्या हॅमवर पाटी लावली: हनुकासाठी रुचकर. धार्मिक ज्यू ज्याला शिवतही नाहीत, नेमका तो माल! दुकानाने माफी मागितली. यात द्वेष नव्हता. सणाचं नाव ठाऊक होतं, सण ठाऊक नव्हता.

२०२४ साली हनुकाची पहिली संध्याकाळ बरोबर २५ डिसेंबरला आली. असं याआधी झालं होतं ते २००५ साली. आमच्या सगळ्या पाट्यांच्या पाठीवर उतरवायची तारीख होती २६ डिसेंबर. आठ दिवसांचा सण जेमतेम सुरू झालेला, आणि आम्ही हनुकाच्या निळ्या पाट्या काढून मेणबत्त्यांची खोकी ‘अर्ध्या किमतीत’च्या टोपलीत, तुटक्या चकाकत्या गोळ्यांबरोबर ओतत होतो. एक आजोबा मेणबत्त्या शोधत आले. सगळ्या रात्रींच्या मिळून चव्वेचाळीस लागतात, हे त्यांनीच मला टोपलीत हात घालता घालता सांगितलं. त्यांनी तक्रार केली नाही.

त्याच वर्षी दिवाळीची फळीही अशीच गाजली. आमच्या दुकानात दिवाळीला चार फूट जागा मिळते. नाताळच्या रांगांपुढे ती किती भरते, हे मीही मनातल्या मनात मोजलेलं आहे. पाटीवर तारीख छापून आली होती ३१ ऑक्टोबर, म्हणजे हॅलोविनचाच दिवस. पुण्याहून मुलाकडे आलेल्या एक काकू पाटीसमोर थबकल्या.

“अगं, कालनिर्णयात लक्ष्मीपूजन एक तारखेला आहे. यांनी आदल्या दिवशी कसं छापलं?”

“काकू, इथल्या घड्याळाने अमावास्या एकतीसला सकाळी लागते आणि एकला सकाळीच संपते. इथली संध्याकाळ एकतीसचीच.”

“मग तारीख बरोबर आहे म्हणायची,” त्यांनी मान डोलावली आणि समोर बोट दाखवलं. “पण लक्ष्मीच्या पणत्यांसमोर या कवट्या कोणी मांडल्या?”

नकाशाने मांडल्या होत्या. कचेरीत कोणीतरी पंचांग नीट पाहिलं होतं, पण समोरच्या रांगेकडे पाहिलं नव्हतं.

लोक भांडतात ते शुभेच्छेच्या दोन शब्दांवरून, कारण आपल्या गावात आपल्याला किती जागा आहे हे त्यांना त्या शब्दांत वाचायचं असतं. कंपनी तेच शब्द गल्ल्याचा हिशेब पाहून फिरवते, म्हणून एका वर्षी एका बाजूची सरशी होते आणि दुसऱ्या वर्षी दुसरीची. ‘हॅपी हॉलिडेज’ राहिलं काय आणि ‘मेरी ख्रिसमस’ आलं काय, माझी शिडी तेवढीच उंच आहे. पण मला विचाराल तर पाटी छापायच्या आधी तो नकाशा, तो सण घरी करणाऱ्या एखाद्या कामगारासमोर ठेवावा. असे लोक प्रत्येक दुकानात असतात आणि ताशी पगारावरच असतात. हॅम, कवट्या आणि सव्वीस तारीख यांतलं काहीच त्यांच्या नजरेतून सुटलं नसतं.