लाईट गेली की एमसीबी पडली?

घरातली वीज : भाग ९

परभणीत चालता पंखा थांबला की माणूस आधी खिडकीतून शेजारी बघतो. तिकडेही बंद असेल तर लाईट गेली. तिकडे चालू असेल तर भानगड आपल्याच घरात. ही चाचणी बहुतेक वेळा बरोबर ठरते. पण ती करायला माणूस घरात हवा, आणि काहीतरी बंद पडलंय हे त्याच्या लक्षात यायला हवं. इन्व्हर्टर आल्यापासून नेमकं हेच अवघड झालंय. इन्व्हर्टरकडे जाणारी एमसीबी पडली तर पंखे, दिवे, टीव्ही बॅटरीवर निवांत चालू राहतात. बॅटरी संपते तेव्हा कळतं, तेही बहुतेक रात्री. फ्रीजची एमसीबी पडली तर त्याहून वाईट. दूध नासेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. त्यात इन्सुलिनच्या न वापरलेल्या कुप्या असतील, तर त्यांना २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४ अंश असतात.

एमसीबी आणि आरसीसीबी का पडतात, हे मागच्या भागात पाहिलं. ती पडल्याचं आपल्याला फोनवर कसं कळेल, हा आजचा विषय. पुण्यात नोकरी करणारी मुलं आणि परभणीत, जिंतुरात, सेलूत एकटे राहणारे आईवडील अशी घरं जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी ही चैन नाही, गरज आहे.

खरं तर या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ही युक्ती घरात राहणाऱ्यांच्या कितीतरी आधी समजली. कृषी फीडरवर थ्री फेज लाईन पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. गोदावरी, पूर्णा किंवा दुधनेच्या काठावरची मोटार घरापासून दोन-तीन किलोमीटर लांब. ती बंद पडली तर लाईन गेली म्हणून, की स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेनं पाडली म्हणून? पहिलं असेल तर घरीच थांबायचं, दुसरं असेल तर बॅटरी घेऊन साप-विंचवाच्या वाटेनं जायचं. या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी मोबाईल स्टार्टर आले. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांच्या ओसियन अ‍ॅग्रो ऑटोमेशनचं ‘नॅनो गणेश’ हे त्यातलं सुरुवातीचं आणि गाजलेलं यंत्र. स्टार्टरला सिमकार्डाचं खोकं जोडायचं, फोन करायचा, विहिरीवर लाईन आहे की नाही ते ऐकायचं आणि मोटार चालू-बंद करायची. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. साध्या बटणाच्या फोनवर चालणारं हे तंत्र माझ्या मते आजच्या पुष्कळ ‘स्मार्ट’ वस्तूंपेक्षा शहाणं आहे, कारण ते आधी लाईनची चौकशी करतं.

घरातही तेच करायचं आहे. एमसीबीच्या अलीकडे वीज आहे का आणि पलीकडे आहे का, या दोन गोष्टी वेगवेगळ्या कळल्या पाहिजेत. दोन्हीकडे नसेल तर लाईट गेली. परभणीत त्याचा संदेश दिवसातून अनेकदा येईल आणि चार दिवसांत तुम्ही तो वाचणं सोडाल. अलीकडे आहे आणि पलीकडे नाही, तरच एमसीबी पडली. फोन वाजला पाहिजे तो तेव्हाच.

सगळ्यात सोपा मार्ग स्मार्ट प्लगचा. एक प्लग फ्रीजच्या सॉकेटमध्ये लावायचा. दुसरा अशा सॉकेटवर, जिचा फ्रीजच्या एमसीबीशी संबंध नाही, पण जी इन्व्हर्टरवरही नाही. हा दुसरा प्लग म्हणजे आपला शेजारी. फ्रीजची एमसीबी पडली की पहिला प्लग वीज नसल्यानं स्वतःच बंद होतो आणि वायफायवरून गायब होतो. त्याचं हे गायब होणं हीच खबर. ‘पहिला प्लग दोन मिनिटं दिसत नाही आणि दुसरा दिसतोय, तर संदेश पाठव’ एवढा एक नियम लिहायचा. दोन मिनिटं यासाठी की वायफाय मध्येच क्षणभर सुटतं आणि तेवढ्यानं कुणाची झोप मोडू नये. हा नियम ‘होम असिस्टंट’ या मोफत प्रणालीत लिहिता येतो. ती २०१३ पासून आहे आणि घरातल्याच एखाद्या छोट्या संगणकावर चालते. प्लगच्या कंपनीच्या अ‍ॅपवरही प्लग ऑफलाईन गेल्याची सूचना मिळू शकते, पण ती उशिरा येऊ शकते आणि अलीकडे-पलीकडे हा भेद अ‍ॅपला आपोआप कळत नाही.

राऊटर आणि तो छोटा संगणक इन्व्हर्टरवर हवेत, हे विसरू नका. नाहीतर मेन एमसीबी पडली की निरोप देणाराच बंद पडेल. घरात थ्री फेज कनेक्शन असेल तर प्रत्येक फेजवर असा एक ‘शेजारी’ प्लग लागेल, कारण आपल्याकडे एकच फेज जाणं नेहमीचं आहे.

दुसरा मार्ग जास्त पक्का. चांगल्या कंपन्यांच्या एमसीबीला बाजूनं जोडायचा एक पातळ जोडभाग मिळतो. त्याचे दोन प्रकार आहेत. ऑक्झिलरी काँटॅक्ट एमसीबी चालू आहे की बंद, एवढंच सांगतो; तुम्ही हातानं खाली केली तरी तो बंदच म्हणणार. ट्रिप अलार्म काँटॅक्ट मात्र ती दोषामुळे पडली तरच हलतो. दुकानात हा दुसरा मागा. त्याच्या दोन तारा ईएसपी-३२ सारख्या स्वस्त वायफाय बोर्डाला जोडल्या की निरोप तयार. जोडभाग एमसीबीच्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेचा लागतो. डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी, उघडण्याचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि बोर्डाच्या पाच व्होल्टच्या तारा २३० व्होल्टच्या तारांपासून वेगळ्या नळीतून न्यायला सांगा.

आता संदेश आला. पुढे काय? बाजारात फोनवरून परत चालू करता येणारी स्मार्ट एमसीबीही मिळते. माझं स्पष्ट मत आहे की ती सोय घरात वापरू नये. शेतातला अनुभव पुन्हा आठवा. स्टार्टरला लावलेले ऑटो स्विच काढा, असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगते. त्यांच्यामुळे लाईन आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात. पाच एचपीची मोटार चालताना साधारण पाच केव्हीए घेते, पण उठताना त्याच्या सहापट खेचते. अशा दहा मोटारी एकाच वेळी उठल्या तर ६३ केव्हीएच्या डीपीवर क्षणभर तीनशेचा भार येतो. डीपी जळते आणि ऐन पाण्याच्या दिवसांत अख्खा शिवार कोरडा राहतो. माणूस न बघता वीज परत देण्याची ही किंमत आहे.

घरात ती किंमत माणसाच्या जिवाची असू शकते. उन्हाळ्यात आपल्याकडे लोखंडी कूलर घरोघरी. पंपाची वायर पाण्यात झिजते, पत्र्यात करंट उतरतो आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते. पडली म्हणजे तिनं तिचं काम केलं. ती पुण्याहून कुणी अ‍ॅपवर पुन्हा चालू केली आणि त्याच क्षणी आई कूलरमध्ये पाणी भरत असेल, तर? म्हणून संदेश आल्यावर पहिलं काम एकच : घरी फोन. कूलरला हात लावू नका, प्लगही काढू नका. डीबीतली मेन एमसीबी खाली करा आणि वायरमनला बोलवा. हे वाक्य संदेशातच लिहून ठेवता येतं. घाबरलेल्या माणसाला ते वाचून दाखवणं सोपं जातं.

एमसीबी पडली तर इतकी घाई नसते, पण कारण शोधावंच लागतं. मे महिन्यात एक कारण हमखास आढळतं. एमसीबीवर लिहिलेला आकडा ३० अंश तापमानासाठी असतो. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीतल्या बंद डीबीत ५० अंश झाले की आतली द्विधातूची पट्टी आधीच वाकू लागते, आणि १६ अँपिअरची एमसीबी १५ च्या खालीही पडू शकते. अशा वेळी वायरमन म्हणतो, मोठी टाका. टाकू नका. १६ अँपिअरच्या वायरीवर ३२ ची एमसीबी बसवली तर पुढच्या वेळी एमसीबी पडणार नाही, वायर जळेल. त्या लाईनवरचा एसी किंवा गीझर वेगळ्या लाईनवर घ्या. संदेशांची नोंद इथे उपयोगी पडते : रोज दुपारी दोन ते चारमध्येच पडत असेल तर उष्णता आणि लोड, पहिल्या पावसाला पडली तर ओल.

सगळं जोडून झाल्यावर आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. आरसीसीबी पडली पाहिजे. तिच्या लाईनवर प्लग किंवा तिला अलार्म काँटॅक्ट बसवला असेल, तर फोनही वाजला पाहिजे. आरसीसीबी पडलीच नाही तर फोनचा विचार नंतर, आधी ती बदला. दर तीन महिन्यांनी, घरात कुणी असताना, हे पुन्हा करा.

पुढच्या भागात अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्याचं काय होतं, ते पाहू.