दिवाळीचा किल्ला आणि कोयनेचे धरण

येत्या दिवाळीत एक सहल काढा. त्यासाठी लांब जायला नको. साताऱ्यात राहत असाल तर साताऱ्याच्या पेठांतून, सांगलीत राहत असाल तर तिथल्या गल्ल्यांतून एक फेरी मारा. अंगणाअंगणांत मुलांनी दगडमातीचे किल्ले रचलेले दिसतील. चार दिवसांपुरते सारे गाव म्हणजे प्रतिकृतींचे एक उद्यानच झालेले असते! सोबत मोजपट्टी आणि वही मात्र न विसरता घ्या.

समजा, एकाने अजिंक्यतारा केला आहे. खरा डोंगर सातारा शहरापासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. अंगणातला ६० सेंटिमीटर भरला. ३०० मीटर म्हणजे ३०,००० सेंटिमीटर; त्याला ६० ने भागले की ५०० येतात. म्हणजे या किल्ल्याचे प्रमाण १:५०० झाले.

आता दारावरच्या मावळ्याकडे पाहा. बाजारातून आणलेला मातीचा मावळा १० सेंटिमीटर उंच आहे. याच प्रमाणात तो खरा झाला, तर ५० मीटर उंच होईल! खरे तर तो जेमतेम ३ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही थोडा लहान हवा. उतारावर पेरलेला अळीव मात्र बरोबर आहे. त्याचे ५ सेंटिमीटरचे रोप २५ मीटरच्या वृक्षाच्या जागी शोभून दिसते.

मावळा लहान केला की प्रतिकृती बिनचूक झाली का? नाही. एक चूक डोळ्यांना दिसत नाही. मातीचा एक घन घ्या. त्याची प्रत्येक बाजू दहापट केली तर त्याचे वजन १० × १० × १०, म्हणजे १,००० पट होते. ते वजन पेलणारा तळ मात्र १० × १०, म्हणजे १०० पटच वाढतो. म्हणून तळावरचा दाब दहापट होतो. तुमचा मातीचा उभा कडा ६० सेंटिमीटरपर्यंत टिकतो; ३०० मीटर उंचीचा तसाच मातीचा कडा स्वतःच्या भारानेच ढासळेल. लहान वस्तू दिसायला मोठीसारखी असली, तरी वागायला तशी नसते.

हा प्रश्न खेळातलाच नाही. सातारा जिल्ह्यातील कोयना धरण १०३ मीटर उंच आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे तिथे मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली. धरण उभे राहिले. पण त्याला तडे गेले, तेही तळाशी नव्हे, तर वरच्या भागात. माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली जिथे धरणाचा उतार एकदम बदलतो, त्या 'माने'जवळ ते पडले होते. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि पुढे कृष्णेकाठी सांगली आहे. धरण कसे आणि कुठे तडकते हे जाणणे किती निकडीचे होते, ते तुमच्या लक्षात येईल.

खऱ्या धरणाला हलवून पाहता येत नाही. म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठात नीवा आणि क्लफ या अभियंत्यांनी कोयनेच्या एका खंडाची १:१५० प्रमाणात प्रतिकृती केली आणि ती हलत्या मंचावर ठेवली. हे काम १९८० साली प्रसिद्ध झाले. प्रतिकृतीची उंची सुमारे ६९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तुमच्या किल्ल्याएवढीच!

ती साध्या काँक्रीटची का केली नाही? उंची दीडशेपट कमी झाली की आतील दाबही दीडशेपट कमी होतो. साधे काँक्रीट मग कितीही हलवले तरी सहजी तडकणार नाही. म्हणून पदार्थही दीडशेपट कमजोर हवा. वजनाला मात्र तो काँक्रीटइतकाच जड हवा, कारण धरणाला रेटणारे पाणी काही हलके करता येत नाही. कमजोर पण जड! यासाठी मिश्रणात प्लॅस्टर आणि शिशाची भुकटी वापरण्यात आली.

वेळही लहान करावा लागतो. हे घरीच पाहा. १ मीटर दोरीला दगड बांधून झोका द्या; एका पूर्ण झोक्याला सुमारे २ सेकंद लागतील. दोरी २५ सेंटिमीटर करा. लांबी चौपट कमी झाली, पण वेळ निम्मा, म्हणजे सुमारे १ सेकंद झाला. ४ चे वर्गमूळ २, तसे १५० चे वर्गमूळ सुमारे १२. म्हणून या प्रतिकृतीला खऱ्या भूकंपाच्या बारापट वेगाने हादरे द्यावे लागतात.

अशा हादऱ्यांनी ती प्रतिकृती तडकली आणि तडा पडला तो मानेजवळच. खरी प्रतिकृती ती, जी मूळ वस्तूसारखी दिसते एवढेच नव्हे, तर मूळ वस्तूसारखीच मोडते. खुद्द कोयना धरणाला भूकंपानंतर खालच्या अंगाने काँक्रीटचे आधार देऊन बळकट करण्यात आले.

यंदा किल्ला झाला की शेजारी प्रमाणाची पाटी लावा. मग मावळा, तोफ, पायरी, दरवाजा यांपैकी काय काय त्या प्रमाणात बसते, ते मोजून वहीत लिहा. आणि शेजारच्या मित्राचा किल्ला मोजायलाही विसरू नका!