निकालाआधीचा निकाल

परीक्षेला किती महत्त्व द्यावे याविषयी मतभेद असू शकतात. पण परीक्षा आधी आणि निर्णय नंतर, या क्रमाविषयी आपल्या मनात सहसा शंका येत नाही. भारतात वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ द्यावी लागते, गुण हाती येतात, गुणवत्ता यादी लागते आणि मग कोणाला कोठे जागा मिळाली ते कळते. यश असो वा अपयश, त्याचे मूळ स्वतः लिहिलेल्या उत्तरांत असते. ब्रिटनमध्ये डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना मात्र उलट्या क्रमाने वाटचाल करावी लागते. तेथे अर्ज आधी, मुलाखत आधी, प्रवेशाचा प्रस्तावही आधी. अंतिम परीक्षा आणि तिचा निकाल सर्वांत शेवटी. मग अर्ज पारखायचा तो कशाच्या आधारे? इतर गोष्टींबरोबरच, शिक्षकांनी वर्तविलेल्या श्रेणींच्या आधारे. या अंदाजित श्रेणींना तेथे ‘प्रेडिक्टेड ग्रेड’ असे म्हणतात.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, १९४८ मध्ये सुरू झाली. तिच्या उभारणीत भारतीय डॉक्टरांचा वाटा मोठा आहे आणि त्यांत महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून गेलेले डॉक्टरही आहेत. त्यांची मुले-नातवंडे आज त्याच व्यवसायाचे स्वप्न पाहतात, तेव्हा आजी-आजोबांना फोनवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, “शाळेने काय ग्रेड दिल्या?” परीक्षा तर अजून आठ महिने दूर असते. मग ही श्रेणी आली कोठून, आणि तिने घरातील सर्वांची झोप का उडवावी?

पंधरा ऑक्टोबरची सीमारेषा

ब्रिटनमधील पदवी प्रवेशाचे अर्ज ‘यूकास’ या केंद्रीय संस्थेमार्फत जातात. बहुतेक अभ्यासक्रमांसाठी अर्जाची मुदत जानेवारीपर्यंत असते. पण वैद्यकीय, दंतवैद्यकीय व पशुवैद्यकीय शिक्षण, तसेच ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठे यांच्यासाठी ती १५ ऑक्टोबरलाच संपते. अर्जात पाच पर्याय देता येतात. त्यांपैकी वैद्यकीय अभ्यासक्रमाचे पर्याय चारच असू शकतात. पाचवा पर्याय दुसऱ्या एखाद्या विषयासाठी ठेवता येतो.

या वेळी विद्यार्थी तेरावीत, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षात, नुकताच आलेला असतो. ‘ए लेव्हल’ची परीक्षा पुढच्या मे-जूनमध्ये आणि निकाल ऑगस्टच्या मध्यावर. वैद्यकीय विद्यालयांची अपेक्षा सामान्यतः तीन विषयांत ‘ए’ किंवा त्याहून वरची असते आणि त्या विषयांत रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांना विशेष मान असतो. २०१० पासून ‘ए’च्याही वर ‘ए-स्टार’ ही श्रेणी आल्याने काही ठिकाणी ही अपेक्षा आणखी उंचावली आहे.

आता अशी कल्पना करावी की, एखाद्या मुलीला शाळेने दोन विषयांत ‘ए’ आणि रसायनशास्त्रात ‘बी’ असा अंदाज दिला. कदाचित जूनमधील अंतर्गत परीक्षेच्या दिवशी ती आजारी असेल. कदाचित तिची खरी झेप पुढच्या सहा महिन्यांत दिसणार असेल. पण ज्या विद्यालयाची किमान अट तीन ‘ए’ची आहे, तेथे तिचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडू शकतो. मुलाखतीची वेळच येत नाही. एका अक्षराचा हा फरक म्हणूनच जिव्हारी लागतो.

अंदाज कोण बांधतो, कसा बांधतो?

यूकासच्या व्याख्येनुसार, अनुकूल परिस्थितीत विद्यार्थी जी श्रेणी मिळवील असे शाळेला वाटते, ती म्हणजे अंदाजित श्रेणी. विषयशिक्षक वर्गातील काम, सराव परीक्षा, बारावीच्या अखेरची अंतर्गत परीक्षा आणि त्याआधीच्या ‘जीसीएसई’ परीक्षेतील गुण पाहून ती ठरवितात. पूर्वी बारावीच्या शेवटी होणाऱ्या ‘एएस’ परीक्षेचे गुण अंतिम श्रेणीत धरले जात. त्यामुळे शिक्षकांच्या हाती बाहेरच्या परीक्षकांनी दिलेला भक्कम पुरावा असे. २०१५ पासून इंग्लंडमध्ये ही परीक्षा ‘ए लेव्हल’पासून टप्प्याटप्प्याने वेगळी करण्यात आली आणि तो आधार क्षीण झाला.

शिक्षकाची स्थितीही सोपी नसते. अंदाज सढळ हाताने दिला, तर मुलाला प्रस्ताव मिळतो, पण ऑगस्टमध्ये ती श्रेणी न आल्यास तो हातचा जातो. अंदाज हात आखडून दिला, तर पात्र विद्यार्थ्याची वाट सुरुवातीलाच बंद होते. त्यातच पालकांचा आग्रह आणि शाळेच्या लौकिकाची काळजी. हा तराजू हाती धरणे अवघडच आहे.

अंदाज खरे ठरतात का?

या प्रश्नाचे उत्तर विचारात पाडणारे आहे. लंडनमधील अर्थशास्त्रज्ञ डॉ. गिल वाइनेस यांचा या विषयावरील अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वोत्तम तीन ‘ए लेव्हल’ विषयांचा एकत्रित विचार करता केवळ १६ टक्के विद्यार्थ्यांचे अंदाज अचूक ठरले होते. सुमारे ७५ टक्के विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात मिळालेल्या श्रेणींपेक्षा वरचा अंदाज देण्यात आला होता. म्हणजे चूक झालीच, तर ती बहुधा औदार्याच्या बाजूने होते. पण याच अहवालातील दुसरी नोंद अधिक अस्वस्थ करणारी आहे. अतिशय हुशार विद्यार्थ्यांमध्ये, गरीब घरांतील मुलांना त्यांच्या योग्यतेपेक्षा कमी अंदाज मिळण्याची शक्यता सुखवस्तू घरांतील मुलांहून जास्त आढळली. ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज, त्यांच्याच पारड्यात माप कमी पडत होते.

म्हणूनच निकालानंतर प्रवेश देण्याची मागणी ब्रिटनमध्ये जुनी आहे. २००४ मध्ये श्वार्ट्झ समितीने तशी शिफारस केली होती. २०२१ मध्ये सरकारने त्यावर मते मागविली. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्ये हा बदल न करण्याचे जाहीर केले. परीक्षा, निकाल, मुलाखती आणि विद्यापीठांचे सत्र यांचे वेळापत्रक एकमेकांत इतके गुंतलेले आहे की, एक धागा ओढला की सारा गोफ विसकटतो. स्कॉटलंडमध्ये मात्र अनेक विद्यार्थी ‘हायर’ ही परीक्षा शाळेच्या शेवटच्या वर्षाआधीच देतात. त्यामुळे अर्ज करताना त्यांच्या हाती प्रत्यक्ष निकाल असतो.

२०२० चा धडा

कोविडच्या साथीमुळे २०२० मध्ये परीक्षाच रद्द झाल्या, तेव्हा अंदाजांचे मोल एकाएकी वाढले. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींना ‘ऑफक्वाल’ या नियामक संस्थेने संगणकीय सूत्र लावले. १३ ऑगस्टला निकाल लागला आणि इंग्लंडमधील सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्याचे दिसले. शाळेचे मागील वर्षांचे निकाल हा त्या सूत्राचा एक मुख्य घटक होता. साहजिकच सामान्य शाळेतील असामान्य विद्यार्थ्याला त्याचा फटका बसला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि चारच दिवसांत, १७ ऑगस्टला, शिक्षकांच्या श्रेणी मान्य करण्यात आल्या.

पुढील वर्षी पेच उलटा झाला. २०१९ मध्ये ब्रिटनमधील ‘ए लेव्हल’च्या २५.४ टक्के श्रेणी ‘ए’ किंवा त्याहून वरच्या होत्या. शिक्षकांनीच श्रेणी ठरविल्यामुळे २०२१ मध्ये हे प्रमाण ४४.८ टक्क्यांवर गेले. वैद्यकीय जागा मर्यादित, अट पूर्ण करणारे मात्र अधिक! एक्सेटर विद्यापीठाने तर वैद्यकीय प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्यास तयार असणाऱ्यांना १०,००० पौंड आणि मोफत निवास देऊ केला. या दोन वर्षांनी एक गोष्ट स्पष्ट केली. माणसाचा अंदाज असो वा यंत्राचा, प्रत्यक्ष परीक्षेची जागा तो सहजासहजी घेऊ शकत नाही.

चिंतेला वाट कशी द्यावी?

पहिली गोष्ट म्हणजे, अंदाजित श्रेणी हा अर्जाचा एक भाग आहे, संपूर्ण अर्ज नव्हे. बहुतेक वैद्यकीय विद्यालये ‘यूकॅट’ ही अभिवृत्ती चाचणी मागतात. २००६ मध्ये सुरू झालेली ही चाचणी उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत देता येते, एका प्रवेश वर्षात एकदाच देता येते आणि तिचे गुण लगेच समजतात. म्हणजे १५ ऑक्टोबरपूर्वी विद्यार्थ्याजवळ तीन पत्ते उघडे असतात : जीसीएसईचे गुण, यूकॅटचे गुण आणि शाळेचा अंदाज. प्रत्येक विद्यालय या तिन्हींना वेगवेगळे वजन देते. काही ठिकाणी किमान अंदाज पूर्ण झाला की पुढची निवड मुख्यतः यूकॅटवर होते; काही ठिकाणी जीसीएसईला अधिक मान असतो. आपल्या बलस्थानाला मान देणारी चार विद्यालये निवडणे, हे नशिबाला दोष देण्यापेक्षा कितीतरी फलदायी ठरते.

दुसरी गोष्ट वेळेची. शाळा बहुधा उन्हाळी सुट्टीच्या आसपास अंदाज ठरवितात. अंदाज कमी वाटल्यास विद्यार्थ्याने स्वतः शिक्षकांची भेट घेऊन, तो कशाच्या आधारे दिला आणि वाढण्यासाठी कोणते काम दाखवावे लागेल, हे नम्रपणे विचारावे. सप्टेंबरमधील एखादी चाचणी पुष्कळदा चित्र बदलते. पालकांनी तावातावाने शाळेत जाण्यापेक्षा हा संवाद मुलाने करणे अधिक परिणामकारक असते. आग्रहाने मिळविलेली वरची श्रेणी शेवटी ऑगस्टमध्ये सिद्ध करावीच लागते, हेही विसरू नये.

तिसरी गोष्ट पर्यायी वाटांची. प्रतिकूल परिस्थितीतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी अनेक विद्यालये अटी काहीशा शिथिल करतात. किंग्ज कॉलेज लंडनसारख्या संस्थेने २००१ पासून अशा विद्यार्थ्यांसाठी विस्तारित अभ्यासक्रम चालविला आहे. आधी दुसऱ्या विषयातील पदवी घेऊन नंतर वैद्यकीय शिक्षणाकडे वळण्याचीही सोय आहे. आणि सर्वांत साधा मार्ग म्हणजे एक वर्ष थांबून, मिळालेल्या श्रेणी हाती घेऊन पुन्हा अर्ज करणे. तेव्हा कोणाच्या अंदाजाचा प्रश्नच उरत नाही.

भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी

भारतात बारावी करून तिकडे अर्ज करणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, अर्ज मात्र आदल्या ऑक्टोबरमध्ये. कनिष्ठ महाविद्यालयांना असे अंदाज लिहून देण्याची सवय नसते. म्हणून शिक्षकांना या पद्धतीची कल्पना आधीपासून द्यावी. कोणते विद्यालय आपल्या बोर्डाची बारावी ग्राह्य मानते, याचीही प्रथम खात्री करावी. इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय जागा थोड्याच असतात आणि त्यांचे शुल्क स्थानिक विद्यार्थ्यांच्या कित्येक पट असते. पुढे भारतात व्यवसाय करायचा असल्यास ‘नीट’ची पात्रता आवश्यक आहे, हे तर आरंभीच ध्यानात घ्यावे.

आर्थिक नियोजनातही या उलट्या क्रमाचे भान हवे. हाती आलेला प्रस्ताव सशर्त असतो. अटी पूर्ण झाल्यावरच विद्यापीठ व्हिसासाठी लागणारे ‘कॅस’ हे पत्र देते. म्हणून शैक्षणिक कर्जाची चौकशी व कागदपत्रांची जुळवाजुळव वेळेत करावी; पण परत न मिळणाऱ्या मोठ्या रकमा निकालापूर्वी गुंतवू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका आर्थिक वर्षात प्रतिव्यक्ती अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तीही हिशेबात धरावी.

ज्या व्यवसायासाठी हा खटाटोप, त्यात पुढे रोजच अंदाज बांधावे लागतात. रुग्णाच्या लक्षणांवरून डॉक्टर निदान करतो, नवा पुरावा आला की ते निदान बदलतो आणि रुग्णाला धीरही देतो. शिक्षकांनी दिलेली श्रेणीही अशीच एक तात्पुरती नोंद आहे. ती खोडून नवी लिहिण्याची संधी मे-जूनच्या उत्तरपत्रिकेत असते. ऑक्टोबरमधील एका अक्षरापायी मधले आठ महिने काळवंडू नयेत, एवढी काळजी मात्र घरातल्या मोठ्यांनी घ्यावयाची आहे.