शहर पोलीस ठाण्याच्या नूतनीकरणाचे नियोजन : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

शासकीय इमारतींच्या नूतनीकरणाचा विचार आपल्याकडे प्रायः रंगरंगोटी, फरशी आणि प्रवेशद्वाराची कमान यांच्यापुरता मर्यादित राहतो. शाळेचे काम उन्हाळी सुटीत उरकता येते. पोलीस ठाणे मात्र एक तासही बंद ठेवता येत नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर ठाण्याने नोंदवून घ्यावयाची आहे. त्यामुळे भूम तालुक्यातील ईटसारख्या गावचा फिर्यादीही धाराशिव शहरातील ठाण्याची पायरी चढू शकतो. अशा ठाण्याचे नूतनीकरण कोणत्या क्रमाने योजावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भिंतींची परीक्षा

या जिल्ह्यात पहिला प्रश्न भिंतींचाच असला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. त्या वेळी हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. २००२ च्या भारतीय मानकात किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात घेण्यात आला. जुन्या दगडी इमारतीत नवे दार फोडणे किंवा वर मजला चढवणे, हे संरचनात्मक परीक्षणापूर्वी ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे. भिंतीचे दोन्ही थर जोडणारे आरपार दगड आणि दारे-खिडक्यांवरून जाणारा सलग काँक्रीटचा पट्टा, हे उपाय भूकंपानंतरच्या दुरुस्त्यांमुळे येथील गवंड्यांना अपरिचित नाहीत.

वाटांची आखणी

आराखड्याचा गाभा खोल्यांच्या संख्येत शोधला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो वाटांमध्ये आहे. फिर्यादी, आरोपी, कर्मचारी आणि मुद्देमाल यांच्या वाटा कोठे एकत्र येतात, हे प्रथम कागदावर रेखाटावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार द्यायची, त्याच्याच शेजारी बाकावर बसावे लागले तर कितीतरी फिर्यादी न बोलता परत जातील.

महाराष्ट्राला याचा कटू अनुभव आहे. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरवले. त्याविरुद्ध देशभर उठलेल्या आवाजातून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. कायद्याच्या अंगाने या खटल्याची चर्चा पुष्कळ झाली आहे; परंतु निकालपत्रातील घटनास्थळ मुख्य इमारतीच्या मागील बाजूस होते, याकडे वास्तुरचनेच्या अंगाने क्वचितच पाहिले गेले. मागील बाजूचा, कोणाच्या नजरेत नसलेला कोपरा आराखड्यातूनच नाहीसा करता येतो. महिलांचे स्वच्छतागृह ठाणे अंमलदाराच्या नजरेच्या टप्प्यातील मार्गिकेवर आणावे, मागील दाराला दिवा व नोंद असावी.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रवेशद्वारे, कोठड्या, मार्गिका, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, ठाण्याची मागील बाजू आणि स्वच्छतागृहांची बाहेरील बाजू येथे ध्वनिमुद्रणासह कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. म्हणजे वायरिंग व अखंड वीजपुरवठा हे गिलाव्याच्या आधीचे काम झाले. बालकाला कोठडीत ठेवण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ ची मनाई असल्याने त्याच्यासाठी निराळी खोलीही हवी.

मुद्देमाल आणि आवार

सर्वांत उपेक्षित राहतो तो मुद्देमाल. जप्त दुचाकी, दारूचे कॅन, कपड्यांची गाठोडी आणि खटल्याचा जीव असलेली एखादी सुरी, सारे एकाच अंधाऱ्या खोलीत. १४ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री श्रीनगरच्या नौगाम ठाण्यात जप्त स्फोटकांचा स्फोट होऊन ९ जणांचा बळी गेला. ज्वालाग्राही व स्फोटक वस्तूंची जागा वस्तीच्या ठाण्यात असूच नये. पुण्यात १० जुलै २०१४ रोजी फरासखाना ठाण्याच्या वाहनतळावरील दुचाकीत स्फोट झाला होता. आवारातील बेवारस वाहनांची रांग ही केवळ गैरसोय नव्हे, हे तेथे दिसले. मोठी खोली बांधण्यापूर्वी संहितेच्या कलम ४९७ नुसार छायाचित्रण करून न्यायालयाच्या आदेशाने मालाची विल्हेवाट लावली, तर कदाचित मोठ्या खोलीची गरजच उरणार नाही.

कामाचे टप्पे

अंदाजपत्रकात सिमेंट-लोखंडाचा हिशेब असतो. काम चालू असताना ठाणे कोठे बसेल, याचा सहसा नसतो. निविदेपूर्वीच तात्पुरत्या जागेचे भाडे, बिनतारी यंत्रणा व संगणकजोडणीचे स्थलांतर यांची तरतूद हवी. कोठडी दुरुस्तीस घेतली की आरोपी दुसऱ्या ठाण्याच्या कोठडीत ठेवावे लागतात. त्यांच्या ने-आणीसाठी वाहन व मनुष्यबळ लागते. मुद्देमाल हलवताना प्रत्येक वस्तूचा क्रमांक व मोहोर पंचांसमक्ष पडताळून रजिस्टरात नोंद करावी, अन्यथा बचाव पक्षाचा वकील पुढे पाच वर्षांनी नेमके याच आठवड्याबद्दल विचारील. हे काम गवंडी येण्यापूर्वी संपलेले असावे.